विमानाने दीड तास

बिबवेवाडी, पुणे
शनिवार, १४ जून २००८

अभय,

जयभीम.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बंगळूरचा विमानतळ बदलल्यापासून मला ऑफिसपासून तुझ्या घरापर्यंत साडेसहा तास लागतात. ते चूक आहे. मी तुझ्या दारापर्यंतचा वेळ धरला होता. दार उघडेपर्यंतचा धरला नव्हता. तो धरला तर साडेसात.

ही तक्रार नाही. चुकीचा आकडा तुझ्याकडे जाऊन पडला आहे आणि तो दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं काही लिहवत नाही, एवढंच. माझं हे कसं झालं ते तुला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या जंगलखात्यातल्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत मी शाळा पाहिली नाही, माईनेच घरी शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी माई विचारायची, "कुठून कुठपर्यंत?" नाक्यापासून विहिरीपर्यंत दोनशे पावलं म्हटलं तर नाका म्हणजे त्याचा अलीकडचा खांब की पलीकडचा, ते सांगावं लागे. आणि चूक खोडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे कुठे चुकलो ते दिसत राहतं.

तर मागच्या खेपेच्या शुक्रवारी मी तुझ्या बंद दाराशी पोचले, तू फोनवर "अर्ध्या तासात पोचतो" म्हणालास, तुझ्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, आणि मी जिन्यात बसले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या. मला पाहून त्यांनी आतून खुर्ची आणून दिली आणि हिंदीत विचारलं, अभयची बहीण का? मी नाही म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दीड वर्ष मी त्या जिन्याने चढते-उतरते आहे.

एक गंमत सांगते. आमच्या तिकिटांच्या साइटवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ दिसतो. ते पान तपासायचं काम माझ्याकडे आहे. तुमचा नवा विमानतळ शहराच्या उत्तरेला, म्हणजे पुण्याच्या अंगाला झाला. त्यामुळे आमच्या पानावर पुणे-बंगळूर अंतर वीसेक किलोमीटरने कमी झालंय. आपण जवळ आलो. मी टीम लीडला, सोनालीला, म्हटलं, हे चूक आहे, माणसाला उलट दोन तास जास्त लागतात. ती म्हणाली, "मैत्री, माणसाचं घर कुठे आहे ते आपल्याला कसं माहीत असणार? आपण विमानतळ ते विमानतळ सांगतो." आणि मी नोंदवलेली चूक तिने 'चूक नाही' म्हणून बंद केली. तिचं बरोबर आहे. पानावर तसं लिहिलेलंच आहे, बारीक अक्षरांत.

आपल्या लग्नाच्या बैठकीत असं बारीक अक्षरांत कुणी काही लिहिलं नव्हतं. माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला, कसं जमायचं? तुझे बजरंगमामा म्हणाले, "अहो, विमानाने दीड तास! दीड तासात स्वारगेटहून सातारा येत नाही. मी बिबवेवाडीहून निगडीला धाकट्या बहिणीकडे जातो तर मला दोन तास लागतात. म्हणून काय आमचं नातं तुटलं?" सगळे हसले. मीही हसले. वडिलांनी मान डोलावली आणि पोहे आले. त्या दिवशी माईने विचारायला हवं होतं, कुठून कुठपर्यंत. ती गप्प बसली. मुलीची आई होती ना.

पत्र का लिहितेस, मेल कर, असं तू पुन्हा म्हणशील. फोनवर आपण फक्त वेळा सांगतो. निघालीस का, पोचलीस का, कितीचं आहे, उशीर आहे का. मेल तू ऑफिसात उघडतोस आणि 'ओके' लिहितोस. पत्राला 'ओके' लिहून पाठवायचं तर तिकीट लावावं लागेल.

इथे तुझे आई-बाबा ठीक आहेत. आईंच्या गुडघ्यांना शेक चालू आहे.

मैत्री


रविवार, २० जुलै २००८

अभय,

यायची पाळी तुझी होती म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तू आलास, ते बरं झालं. बाबा खूश होते. तू गेल्यावर दोन दिवस ते शेजाऱ्यांना तुमच्या कॅन्टीनमध्ये काय काय मिळतं ते सांगत होते.

पण तू कुणाकडे आला होतास, ते मला अजून नीट कळलेलं नाही. शनिवारी तू अकरापर्यंत झोपलास. मग आईंनी तुझ्यासाठी वडाभात केला होता, तो जेवलास. मग बजरंगमामा आले. मग बँकेतलं बाबांचं काम. संध्याकाळी आपण दोघं जरा बाहेर पडू म्हणालास, तर आई म्हणाल्या, "जा ना, पण येताना गहू दळायला टाका," आणि आपण दळणाचा डबा घेऊन गिरणीपर्यंत गेलो. तिथे रांग होती. तुझा फोन आला. रविवारी वंदनेनंतर तू बॅग भरलीस.

आपण बोललो ते सगळं मी आठवून पाहिलं. सगळ्यात लांब बोलणं लोणच्यावर झालं.

त्यावरून. आईंना मी शेवटी सांगितलं की लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. एकदा ठेच्याची डबी सुरक्षा तपासणीवाल्याने उघडून वास घेतला होता आणि माझ्याकडे असं पाहिलं होतं की मीच घाबरले. म्हणून आता बरणीसाठी मी वेगळी बॅग सामानात देते आणि तिथे उतरल्यावर पट्ट्याजवळ तिची वाट पाहत उभी राहते. आई म्हणाल्या, "मग नको नेऊस. त्याला तिकडचं आवडायला लागलं असेल." म्हणाल्या, पण माझ्या डोळ्यांसमोरून बरणी हलवली नाही. मी नेते. तू निम्मं फेकतोस हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ऑफिसात सगळे मला नशीबवान म्हणतात. दर महिन्याला हनिमून, असं सोनाली म्हणते. माझी दर महिन्याची एक अर्धी रजा जाते आणि त्या शुक्रवारी मी सकाळपासून घड्याळ पाहत असते, हे तिला दिसतं, म्हणून ती चिडवते. मागच्या खेपेला कोथरूडच्या ऑफिसातून लोहगाव विमानतळावर जायला रिक्षावाला परतीचं भाडं मागत होता. मी नाही म्हटलं तर म्हणाला, "विमानाला देता, तेव्हा भांडता का?" मागितलं तेवढं दिलं.

विमानात मी झोपते. सीटवर बसून पट्टा लावला की झोप लागते, उडताना कळत नाही, उतरताना चाकं टेकली की जाग येते. साडेसात तासांतला तेवढा दीड तास मला माहीत नाही. बाकी सगळा माहीत आहे.

एक विचारायचं होतं. लग्नानंतर मी होस्टेल सोडून इथे राहायला आले, तेव्हा तू म्हणाला होतास, सहा महिन्यांचा प्रश्न आहे, पुण्याला ऑफिस निघणार आहे, मी बदली मागतो, तोवर आई-बाबांना सोबत होईल. ते पुण्याचं ऑफिस कधी निघणार आहे? घाई नाही. नुसतं विचारलं.

मैत्री


रविवार, १४ सप्टेंबर २००८

अभय,

तू पाठवलेला म्हैसूरपाक पोचला.

तुझ्या ऑफिसातला रोहन स्वतः घेऊन आला. घर शोधायला त्याला त्रास झाला, कारण तू पत्ता जुना दिला होतास, दवाखान्यासमोर असा. तो दवाखाना जाऊन तिथे मोबाईलचं दुकान झाल्याला दोन वर्षं झाली. पण पोचला. घरी मी, आई, बाबा तिघंही होतो. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या मनाचं त्यात काही घालत नाही.

रोहन म्हणाला, "काकू, वितळला असेल तर माझा दोष नाही, पुण्याच्या रस्त्यांचा आहे."

आई म्हणाल्या, "बस बाबा. तू बंगळूर सोडून आलास?"

"सोडून काय काकू, लॉटरी लागली! हिंजवडीला आमचं नवं ऑफिस झालं ना. खरं पहिलं नाव अभयचंच होतं. त्याने मार्चमध्येच नाही म्हणून कळवलं, मग माझा नंबर लागला. माझी बायको तर अभयच्या फोटोला हार घालते म्हणत होती. मी म्हटलं, अगं, जिवंत आहे तो!"

तो एकटाच हसला. मग त्याने आमच्या तिघांकडे पाहिलं. चांगला मुलगा आहे, त्याच्या लगेच लक्षात आलं. बाबांनी त्याला चहा घेणार का विचारलं, त्याच्या हातात चहाचा कप होता.

तो गेल्यावर बाबांनी टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. आई मागून आल्या. राग आला की त्या नागपूरकडचं बोलायला लागतात, तुला माहीत आहे.

"तुले माहीत होतं?"

मी नाही म्हटलं.

"मले वाटलं, तूच जात नाहीस तिकडं."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाच्या आधीपासून त्या तुला परत ये म्हणत होत्या. लग्नानंतर तू त्यांना म्हणालास, मैत्रीची नोकरी पुण्यात आहे, तिला सोडायची नाही, म्हणून मी तिला नेत नाही, आणि आता बदली मिळत नाही. म्हणजे दीड वर्ष त्या मला रोज डबा भरून देत होत्या आणि मनात धरून होत्या की ही पोरगी माझ्या मुलाला एकटं ठेवते. आणि मी दीड वर्ष धरून होते की आई-बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून मी इथे आहे आणि पुण्याचं ऑफिस निघालं की तू येशील. एका ओट्याशी उभ्या राहून आम्ही पोळ्या केल्या आणि एकमेकींना हे विचारलं नाही. त्यांना वाटलं, सुनेला असं विचारू नये. मला वाटलं, सासूकडे नवऱ्याची गाऱ्हाणी करू नयेत. दोघींना चांगलं वागायचं होतं.

आई म्हणाल्या, "बोलली असतीस तर."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तर."

मग त्यांनी म्हैसूरपाकाचा डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "खवट आहे." खवट नव्हता. मी नंतर खाऊन पाहिला.

अभय, मी मार्चपासूनचं आठवते आहे. मार्चमध्ये मी दोनदा आले होते. एप्रिलमध्ये तू आलास. मेमध्ये तू म्हणालास, नवा विमानतळ झाला की सोपं होईल. यातल्या एकाही वेळी तुला हे सांगता आलं असतं. मी चिडले असते की नाही, ते मला ठाऊक नाही. बहुतेक मी विचारलं असतं, का नाही म्हणालास. आताही तेवढंच विचारते. रागाने नाही. मी दमले आहे, राग यायला जे लागतं ते शिल्लक नाही.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर नको.

मैत्री


शुक्रवार, १० ऑक्टोबर २००८

अभय,

तुझं उत्तर पत्राने आलं नाही. "समोरासमोर बोलू" एवढा मेसेज आला आणि मागच्या शनिवारी तू आलास. म्हणून तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते. मी काही वेगळं ऐकलं असेल तर सांग, मी रेघ मारीन.

घरात बोलणं झालं नाही. आई तुझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या आणि बाबा जास्तच बोलत होते. रविवारी मी तुला सोडायला लोहगावपर्यंत आले. येरवड्याच्या चौकात रिक्षा अडकली, तेव्हा तू बोलायला लागलास.

तू म्हणालास, "इथे आलो की मी परत बारावीतला होतो. बाबा अजून मला पेपर वाचून दाखवतात. मोजे कुठे ठेवलेत ते आई सांगते. तिथे मला कुणी काही सांगत नाही."

मी म्हटलं, "मग मला तिकडे ये म्हणायचं होतंस."

तू बाहेर पाहायला लागलास. रिक्षावाला आरशातून पाहत होता. मग म्हणालास, "तू तिकडे आलीस तर इथे कोण?"

आणि पुढे म्हणालास, "तू आहेस म्हणून मला काळजी नसते, मैत्री. खरंच. रात्री झोप लागते."

तू हे प्रेमाने म्हणालास. मला ते कळलं, म्हणून तर लिहिते आहे. तुला मी नको आहे असं नाही. मी हवी आहे, पण जिथे आहे तिथे. तुझ्या जागेवर. आईंच्या गुडघ्यांपाशी, बाबांच्या पेपरपाशी, गिरणीच्या रांगेत. आणि महिन्यातून एकदा बरणी घेऊन.

विमानतळाच्या दाराशी तू बॅग उचललीस आणि म्हणालास, "चल, दीड तासात पोचतो." पोचल्याचा मेसेज साडेनऊला आला. सहाचं विमान होतं.

माझी बाजूही लिहायला हवी. तू मला ये म्हणाला असतास, तर मी नोकरी सोडून आले असते का? मला माहीत नाही. मला हे काम आवडतं. चुका शोधल्याबद्दल पगार मिळतो, असं दुसरं काम मला कुठे मिळणार? पण विचार करायला मिळाला असता. तो तू आणि मार्च महिन्याने परस्पर करून टाकला.

काल विजयादशमी. बाबांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, तू नेणार होतास. आईंचे गुडघे आणि तुझी सुट्टी, दोन्ही जमलं नाही. आम्ही तिघं इथल्याच विहारात गेलो. तिथे एका बाईंनी विचारलं, मुलगा कुठे असतो? बाबा म्हणाले, "बंगळूर. विमानाने दीड तास." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते चपला घालायला लागले.

आता बातमी. तुला कळली नसेल. हिवाळ्याचं वेळापत्रक आमच्याकडे तपासायला आलं आहे. इंधन महागलं म्हणून सगळ्याच कंपन्या फेऱ्या कमी करत आहेत. आपलं शुक्रवारचं दुपारचं विमान २६ तारखेपासून बंद. सकाळी लवकरचं आहे, ते मला ऑफिसमुळे जमत नाही. नाहीतर हैदराबादला उतरून दुसरं धरायचं. मी पान दोनदा उघडून पाहिलं. ज्या विमानावर आपलं लग्न ठरलं ते विमान बंद झालं.

मी तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "अरेरे. मग आता दोन महिन्यांतून एकदा बघू या." तुझ्या आवाजात सुटल्यासारखं वाटलं. मला ते लागलं नाही, कारण पान पाहताना मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं. हे लिहिलं नाही तर वरचं सगळं खोटं होईल.

मैत्री


रविवार, २ नोव्हेंबर २००८

अभय,

हे पत्र छोटं असणार आहे, असं मी ठरवलं होतं. बघू.

दिवाळीच्या सुट्टीत तू आला नाहीस. तिकिटं महाग होती, हे खरं आहे, मी आमच्या साइटवर पाहिलं. त्या चार दिवसांत मी कोथरूडला खोल्या पाहिल्या. तिसरी मिळाली. डहाणूकर कॉलनीच्या मागे, पहिला मजला, वेगळं दार, स्वयंपाकाचा ओटा आहे. ऑफिस चालत दहा मिनिटं, माझ्या टेबलापासून त्या दारापर्यंत.

आईंना न सांगता जाणं मला जमलं नसतं, म्हणून मी त्यांना शुक्रवारी सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मला वाटलं रडतील किंवा ओरडतील. त्यांनी विचारलं, "पाणी किती वेळ येतं?" मी म्हटलं, विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "इतकी शिकली आणि हे विचारलं नाहीस?" आणि काल दुपारी गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर खोली पाहायला आल्या. रिक्षातून उतरताना त्यांना दोन वेळा थांबावं लागलं. जिना चढल्या.

घरमालकीण विमलाबाई म्हणून आहेत, सत्तरीच्या. त्यांनी आडनाव विचारलं. मी गजभिये सांगितलं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. आईंनी तो "हं" ऐकला.

"बौद्ध आहोत आम्ही," आई म्हणाल्या. "चालत नसेल तर आत्ताच सांगा. हा जिना मला पुन्हा चढायचा नाही."

"मी काही म्हटलं का?" विमलाबाई म्हणाल्या. "पाणी सकाळी साडेसहाला येतं, एक तास. पाहुणे मुक्कामाला चालणार नाहीत." मग माझ्याकडे वळून, "मिस्टर कुठे असतात?"

"बंगळूरला."

"मग ते येणार की नाही, ते आधी स्पष्ट झालं पाहिजे."

माझ्या आधीच आई म्हणाल्या, "आला तर पाहुणाच धरा. आमच्याकडेही तसाच येतो."

विमलाबाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी आईंना बसायला स्टूल दिलं आणि दोघी गुडघ्यांवर अर्धा तास बोलल्या. मी नळ उघडून-बंद करून पाहिले, खिडकीची कडी लागते का पाहिलं. एक कडी सैल आहे.

येताना रिक्षात आई म्हणाल्या, "मी तुला जा म्हणत नाही. आणि राहा कशी म्हणू? राहा म्हटलं की तो तिकडे आणखी दहा वर्षं निवांत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "रविवारी येत जा. पोळ्या करायला नाही. अशीच." मी हो म्हटलं. मग त्या बाहेर पाहत राहिल्या आणि मी त्यांची पिशवी धरून बसले.

आता तुझ्यासाठी.

मी घटस्फोट मागत नाही. मागणार नाही असंही लिहून देत नाही. मला ते आज माहीत नाही आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही. मी फक्त तुझ्या जागेवरून उठते आहे. ती जागा रिकामी झाली की ती तुझी आहे, हे तुला दिसेल, आणि मग तू काय करायचं ते तू ठरव. पुण्याला ये, त्यांना तिकडे ने, माणूस ठेव, तुझ्या बहिणीला विचार. त्यात माझं मत हवं असेल तर देईन, काम मात्र करणार नाही. आईंच्या शेकाच्या बाईंचा नंबर आणि बाबांच्या डॉक्टरांचा नंबर तुला मेल केला आहे. त्याला तू 'ओके' लिहिलंस, म्हणजे मिळाला.

मला भेटायचं असेल तर ये. पाळी मोजू नकोस. पण येशील तेव्हा कुणाकडे येतो आहेस ते स्वतःशी ठरवून ये, आणि मला आधी कळव, कारण विमलाबाईंना सांगावं लागेल.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात अवघड जाते आहे. बाबांना अजून माहीत नाही. आई म्हणाल्या, मी सांगते. मी त्यांना थांबवलं. मी सांगितलं तर बाबा म्हणतील, मुली, आमचं काय चुकलं? त्यांचं काही चुकलेलं नाही, आणि मग खरं कारण सांगताना मला तुझ्याविषयी बोलावं लागेल. ते त्यांनी तुझ्याकडून ऐकावं. बाबांना सांग की मार्चमध्ये तू नाही म्हणालास आणि का म्हणालास. रिक्षात मला सांगितलंस तसं सांगितलंस तरी चालेल. पेपर वाचून दाखवतात, तेही सांग. त्यांना वाईट वाटेल, पण ते ऐकून घेतील. ते तुला वाटतात तितके म्हातारे नाहीत.

फोनवर सांगितलंस तरी हरकत नाही. समोर येऊन सांगितलंस तर बरं. सकाळचं विमान रोज आहे.

पण ते मी जाण्याआधी झालं पाहिजे, कारण बाबांच्या देखत मी सामान उतरवत असताना त्यांना काहीच ठाऊक नाही, हे मला सहन होणार नाही. आणि तू सांगितलं नाहीस म्हणून मी थांबेन असंही धरून चालू नकोस. तसं झालं तर आदल्या संध्याकाळी मीच त्यांच्यासमोर बसेन आणि मला माहीत आहे तेवढं सांगेन.

टेम्पो ठरवला आहे. शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता.

मैत्री